पुढच्या सभेसाठी राखून ठेवलेली हरकत

निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती आणि माझा स्वभाव घरच्यांना जाचायला लागला होता, तेव्हा ते पत्र आलं. कारखान्यांनी आपल्या प्रदूषणाची माहिती सरकारला कशी द्यावी, कुठल्या फॉर्मवर, किती वेळा, कुणाच्या सहीने, हे ठरवण्यासाठी शासन एक तज्ज्ञ सल्लागार गट नेमत होतं आणि त्यात माझं नाव होतं. मी पत्र दोनदा वाचलं आणि काही विशेष नसल्यासारखं टीपॉयवर ठेवलं. नवऱ्याने ते उचललं. सगळी हयात बँकेत काढलेला माणूस, कुठलाही कागद शेवटाकडून वाचायला सुरुवात करतो. "गट असलेला बरा," तो म्हणाला, "कुणा एकाला जबाबदार धरता येत नाही." त्या दिवशी त्याला दुपारचा चहा स्वतः करून घ्यावा लागला.

मला आनंद झाला होता हे कबूल करते. तीस वर्षं सदाशिव पेठेतल्या घरातून आधी सायकलवर आणि मग स्कूटरवर कॉलेजात जाऊन मी पोरांना रासायनिक पृथक्करण शिकवलं. पाण्यात काय मिसळलं आहे ते शोधायचं, मोजायचं आणि जे निघेल ते वहीत लिहायचं, एवढंच ते शास्त्र. माझ्या प्रयोगशाळेत एकच गुन्हा अक्षम्य होता, तो म्हणजे गेल्या वर्षीच्या पोरांच्या वहीतून आकडा उतरवून घेणं. तसं पान सापडलं की मी ते सगळ्यांसमोर फाडत असे. "जे आहे ते लिहा, जे असायला हवं ते नको," हे माझं वाक्य पोरं माझ्या नकलेत म्हणायची, मला माहीत होतं. आता हेच सांगायला मला अख्ख्या राज्यातले कारखाने मिळणार होते. साठी उलटल्यावरही माणूस इतका भाबडा राहू शकतो याचं मला अजून नवल वाटतं.

बैठका शहरातल्याच एका सरकारी इमारतीच्या चौथ्या मजल्यावर व्हायच्या. आम्ही आठ-नऊ जण होतो, पण या गोष्टीपुरते तिघेच महत्त्वाचे. अध्यक्ष, म्हणजे मोठ्या पदावरून निवृत्त झालेले एक अधिकारी, आवाज कधीही न चढवणारे. उद्योजकांचे प्रतिनिधी, स्वतः एका लहान कारखान्याचे मालक, बोलायला अतिशय मृदू. आणि सदस्य सचिव, एक तरुण, नीटनेटका अधिकारी, जो बैठका बोलवायचा आणि झालेल्या चर्चेचं इतिवृत्त लिहायचा. पहिल्याच दिवशी त्याने प्रत्येकापुढे एकेक हमीपत्र सरकवलं. गटातलं कामकाज आणि अहवाल शासन प्रसिद्ध करेपर्यंत बाहेर कुणाशी बोलणार नाही, असं त्यात होतं. सगळ्यांनी सही केली तशी मीही केली. चष्मासुद्धा लावला नाही.

त्यानंतरच्या रविवारी माझी एक जुनी विद्यार्थिनी घरी आली. यवतमाळकडची मुलगी. कॉलेजच्या पहिल्या वर्षी तिच्या बोलण्याला वर्गातली इथली पोरं हसायची आणि परीक्षेच्या आधी तिच्याच वह्या मागायला जायची. माझ्या हाताखालून गेलेल्या पाच-सहा उत्तम विद्यार्थ्यांत मी तिला धरते. ती आता शहराबाहेरच्या एका प्लेटिंगच्या, म्हणजे धातूच्या भागांवर मुलामा चढवण्याच्या कारखान्यात पर्यावरण अधिकारी होती. म्हणजे कारखान्यातून काय सांडलं, काय वाहिलं, त्याचा वर्षाचा हिशेब सरकारकडे तिच्या सहीने जायचा.

तिने मोबाइलवर एक फोटो दाखवला. परीक्षानळीतलं पाणी, गर्द जांभळट गुलाबी. मी काही विचारायची गरज नव्हती. ही चाचणी मीच तिला शिकवली होती. प्लेटिंगच्या टाकीतलं विषारी क्रोमियम पाण्यात असलं की असा रंग येतो.

"टाकीच्या पाण्याचा आहे?" मी विचारलं.

"नाही ना जी, मॅडम. बोअरचा आहे."

जमिनीखालच्या टाकीला तडा गेला होता. मुरलेलं पाणी कारखान्याच्या मागच्या भिंतीपलीकडच्या बोअरमध्ये उतरलं होतं, आणि भिंतीपलीकडे कंत्राटी कामगारांच्या खोल्या होत्या. ते त्याच पाण्याने आंघोळ करत, भांडी घासत, आणि टँकर आला नाही की पीतही. तिने साहेबांना सांगितलं. साहेब म्हणाले, टाकी आपण दुरुस्त करू, पण फॉर्मवर दरवर्षीसारखं 'आढळले नाही' असं लिही. टाकी काही दुरुस्त झाली नाही. ती करायची तर कारखाना महिनाभर बंद ठेवावा लागला असता.

"खरं लिहिलं तर ते मला काढतील, मॅडम. काढतील ते ठीक आहे. पण या धंद्यात सगळे एकमेकांना फोन करतात. आपल्याच कंपनीचं लिहून देणारी पोरगी म्हटल्यावर मला दुसरं कोणी घेईल का?" आईला तिने दोन वर्षांपूर्वीच पुण्याला आणलं होतं. धाकटी बहीण नुकती आयटीत लागली होती. घर तिच्यावर चाललं होतं.

त्या मुलीला मी तीन वर्षं जे शिकवलं ते अमलात आणायची किंमत तिची नोकरी होती, आणि ती किंमत मी कधी वर्गात सांगितली नव्हती. मला लाज वाटली आणि लाज वाटली की मला चेव येतो. पुढच्या बैठकीला मी एक कलम लिहून नेलं. माहिती भरणाऱ्या कर्मचाऱ्याने खरी माहिती दिली म्हणून कंपनीला त्याच्यावर कारवाई करता येणार नाही, आणि केली तर ती रद्द ठरेल, असं ते साधं कलम होतं. मी तासभर भांडले. अध्यक्षांनी शेवटी ते मसुद्यात घ्यायला सांगितलं. मसुदा हरकती-सूचनांसाठी शासनाच्या संकेतस्थळावर टाकला गेला, म्हणजे तो सगळ्यांना खुला झाला. मी घरी येऊन लगेच तिला फोन केला.

"कलम मसुद्यात आलंय, नियमांतही येईल. यंदाचा फॉर्म भरायच्या शेवटच्या तारखेपर्यंत थांब, आणि मग जे आहे ते लिही."

"तुम्ही म्हणता तर लिहिते," ती म्हणाली. तिचा आवाज इतका हलका झाला की मला स्वतःचं फार कौतुक वाटलं.

यानंतरची बैठक मी अजून मनात पुन्हा पुन्हा भरवते. उद्योजकांचे प्रतिनिधी त्यांच्या त्या मऊ आवाजात म्हणाले, "या कलमाचा अर्थ असा होतो की मालक चोर आहे हे आपण आधीच धरून चाललो. आमच्याकडे माणसं घरच्यासारखी असतात." अध्यक्ष म्हणाले, मुद्दा रास्त आहे. मग मी बोलले. चांगली दहा मिनिटं बोलले, एकाही सदस्याची भीड ठेवली नाही. घरच्यासारख्या माणसांना भिंतीपलीकडचं पाणी पाजतात का, असंही विचारलं. शेवटी अध्यक्षांनी विचारलं, "आणखी कुणाला काही?" कुणी काही बोललं नाही. माझ्याकडे बघून म्हणाले, "आपलं?" मी रागात होते. "मला म्हणायचं होतं ते म्हणून झालंय," मी म्हणाले. "ठीक. पुढचा विषय घेऊ." आणि चहा आला, बटाटेवडे आले. निर्णय झालेला नाही, विषय लोंबकळत राहिला आहे, असं समजून मी घरी आले.

चार दिवसांनी इतिवृत्त ईमेलने आलं. 'सविस्तर चर्चेअंती सदर कलम वगळण्यास सर्वानुमते मान्यता देण्यात आली.' सर्वानुमते. मी खुर्चीतून उठून उभी राहिले ते आठवतं, उभं राहून काय करायचं होतं ते आठवत नाही. खाली एक ओळ होती की सात दिवसांत दुरुस्ती न कळवल्यास इतिवृत्त अंतिम समजण्यात येईल.

"लगेच उत्तर पाठव," नवरा म्हणाला.

"ईमेलने नाही पाठवणार. सभेत घेईन हरकत."

मी का नाही पाठवलं हे ज्यांनी आयुष्य इथल्या समित्यांवर आणि मंडळांवर घालवलं आहे त्यांना सांगावं लागणार नाही. कॉलेजचं अभ्यासमंडळ असो, आमची हाउसिंग सोसायटी असो की महिला मंडळाची वार्षिक सभा, विषयपत्रिकेवर पहिला विषय एकच असतो: मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. खरी सभा तिथेच होते. जिला भांडायचं असतं ती तयारी करून पहिल्या विषयाला येते, उभी राहते, आणि जे चुकीचं लिहिलं आहे ते सगळ्यांच्या तोंडावर दुरुस्त करून घेते. मग दुरुस्तीसकट इतिवृत्त कायम होतं. पहिल्या विषयावर मी आयुष्यात अर्धा-अर्धा तास घेतलेला आहे. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी मला जिन्यात पाहिलं की पहिल्या विषयाची आठवण येऊन कसनुसं हसतात. ईमेलने पाठवलेली हरकत सचिवाच्या डब्यात पडते, सभेत घेतलेली इतिवृत्तात येते, असं माझं पक्कं मत होतं. सात दिवसांची ओळ मला छापील वाटली, प्रत्येक कागदाखाली असते तशी.

"सात दिवस लिहिलंय त्यांनी," नवरा दोनदा म्हणाला. दुसऱ्यांदा म्हणाला तेव्हा मी त्याला बँकेची गोष्ट वेगळी असते असं सुनावलं.

मी दीड पानांची हरकत लिहिली. सुंदर लिहिली. 'सर्वानुमते' या शब्दावर एक अख्खा परिच्छेद होता. स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्यांच्या मध्ये मी ती मोठ्याने वाचून पाहायचे, कुठे थांबायचं, कुणाकडे बघायचं ते ठरवायचे. अध्यक्षांचा चेहरा कसा होईल याची मी मनोमन मजा घेत होते. आता वाटतं, त्या कलमापेक्षा मला त्या वाचनाची जास्त ओढ लागली होती. हे लिहायला जड जातं, पण तसंच होतं.

पुढची सभा झालीच नाही. महिन्याभराने एक पत्र आलं. गटाने आपला अहवाल शासनास सादर केला असून गटाची मुदत संपली आहे, आपल्या बहुमोल योगदानाबद्दल आभार. मी सदस्य सचिवाला फोन लावला. तो नेहमीसारखाच अदबीने बोलला.

"मॅडम, आपली दुरुस्ती सात दिवसांत आली नाही."

"पुढच्या सभेत घेणार होते. इतिवृत्त सभेत कायम होतं, अहो."

"सभेची पद्धत खरी आहे आपली. पण गटच राहिला नाही, तर सभा कुणाची बोलावू? आणि मॅडम, मी अध्यक्षांना विचारूनच लिहिलं होतं. आपण म्हणालात की म्हणून झालंय."

मी ते दीड पान त्याला त्याच दिवशी पाठवलं. 'प्राप्त झाले' असं उत्तर आलं. अध्यक्षांना फोन केला तर त्यांनी समजूत काढली: नियम एकदा होऊ देत, पुढे सुधारणा होतच राहतात, आपण मनाला लावून घेऊ नये. त्यांनी माझ्या तब्येतीची चौकशीही केली. भिंतीवर डोकं आपटावं तर भिंतसुद्धा गादीची निघावी, असं त्या बोलण्यात वाटत राहिलं.

खरी कोंडी त्यानंतर सुरू झाली. नवा फॉर्म चाचणी म्हणून त्याच वर्षी ऑनलाइन सुरू झाला होता, त्यासोबतचे नियम मात्र अजून प्रसिद्ध व्हायचे होते. बाहेरच्यांना माहीत होता तो जुना मसुदा, माझ्या कलमासकट. कलम गेलं हे फक्त आम्हा आठ-नऊ जणांना ठाऊक होतं, आणि आम्ही तोंड उघडणार नाही असं लिहून दिलं होतं. माझी मुलगी, म्हणजे माझी विद्यार्थिनी, शेवटच्या तारखेची वाट बघत होती, मी सांगितलं म्हणून.

तिला सांगितलं नाही तर ती खरं लिहिणार आणि उघड्यावर पडणार. सांगितलं तर मी दिलेला शब्द मोडते, आणि ती घाबरून खोटं लिहिणार, आणि भिंतीपलीकडची माणसं त्याच पाण्यात राहणार. मी कशीही वळले तरी कुणाचा तरी घात माझ्या हातून होत होता. हमीपत्राचं मला फार भय होतं अशातला भाग नाही, या वयात माझं कोण काय वाकडं करणार होतं. पण लिहून दिलेलं मोडायचं नाही, हे अंगात इतकं मुरलं आहे की मला ते चांगुलपणासारखं वाटायचं. आता मला तो भित्रेपणा वाटतो.

तिचे फोन आले ते मी घेतले नाहीत. सकाळ-संध्याकाळ घरातून बाहेर पडायचे आणि टिळक रस्त्यापर्यंत जाऊन परत यायचे. क्लासच्या पोरांच्या स्कूटरी फुटपाथभर लावलेल्या, त्यातून वाट काढताना रोज कुणाला तरी बोलायचे. एका पोराला तर मी इतकं झापलं की तो म्हणाला, "काकू, सॉरी, पण ही माझी गाडी नाहीये." घरात आले की नवरा माझ्याकडे बघायचा आणि पेपर वर धरायचा. तो एकदाही म्हणाला नाही की मी सांगितलं होतं. म्हणाला असता तर बरं झालं असतं, भांडता आलं असतं.

तारखेला पाच दिवस उरले तेव्हा तिचा मेसेज आला. 'मॅडम, रविवारी भरते. कलम आहे ना, खात्री होती म्हणून साहेबांशी पुन्हा काही बोलले नाही. तुमची तब्येत बरी आहे ना?' ते शेवटचं वाक्य वाचून मला रडू आलं. मी इतके दिवस फोन घेत नव्हते, आणि तिला वाटलं मी आजारी आहे.

रविवारी सकाळी मी रिक्षाने खराडीला गेले. नवरा येतो म्हणाला, मी नको म्हटलं. तिचा फ्लॅट आठव्या मजल्यावर होता, खिडकीतून समोरच्या कंपन्यांच्या काचा दिसत होत्या. आई देवळात गेली होती, बहीण आतल्या खोलीत कानाला हेडफोन लावून कुणाशी तरी इंग्रजीत बोलत होती. मी नको नको म्हणेपर्यंत तिने पोहे आणि त्यावर तिकडची झणझणीत तर्री समोर ठेवली. तिचा लॅपटॉप टेबलावर उघडाच होता. बोअरच्या चाचण्यांचे कागद तारखेप्रमाणे लावून शेजारी ठेवले होते, जसे मी वर्गात लावायला सांगायची तसेच.

मी पोह्यांना हात न लावता सगळं सांगून टाकलं. कलम गेलं, बैठकीत काय झालं, इतिवृत्तात काय लिहिलं, मी लिहून दिलेलं काय होतं आणि ते मी आत्ता मोडते आहे. ती ऐकत राहिली. मधे एकदा तिने उठून आतल्या खोलीचं दार लावलं.

"सर्वानुमते लिहिलं त्यांनी?" तिने विचारलं.

"हो."

"आणि ते खोटं होतं."

"हो."

"दुरुस्त करायला वेळ दिला होता?"

"सात दिवस."

"मग तुम्ही लिहिलं का, मॅडम?"

मी तिला सभेची पद्धत सांगायला लागले. मागील सभेचं इतिवृत्त, पहिला विषय, कायम करणं. स्वयंपाकघरात इतकं वाचलेलं सगळं तिच्यासमोर बोलताना तोंडातल्या तोंडात राहिलं. ती रागावलेली नव्हती. तिला खरंच समजून घ्यायचं होतं, वर्गात एखादी पायरी सुटली की विचारायची तसं ती विचारत होती.

"म्हणजे नाही लिहिलं."

"नाही."

"तुमचं तर काही जाणार नव्हतं." तिने पोह्यांची बशी थोडी माझ्याकडे सरकवली. "मग मी काऊन लिहू, मॅडम?"

मी बरंच काही बोलले असेन. मी चुकले म्हणून तू चुकावंस असं नाही, असंही म्हणाले. मग म्हणाले, मी लिहिते, उघड लिहिते, वर्तमानपत्रात पत्र देते, हमीपत्र गेलं खड्ड्यात. तेव्हा मात्र ती घाबरली. मी तिला कधी तसं पाहिलं नव्हतं.

"नका, मॅडम. तुम्ही प्लेटिंग लिहाल, बोअर लिहाल, भिंत लिहाल. तेवढ्यावरून तिथले सगळे सांगतील कोणती कंपनी ते. आणि तुमच्याकडे कोणाचं येणं-जाणं आहे हेही माहीत आहे लोकांना. मला शब्द द्या, कोणालाच काही सांगणार नाही म्हणून. प्रदूषणाच्या बोर्डालाही नाही, पेपरलाही नाही."

मी शब्द दिला. दुसरं काही तिला देण्यासारखं माझ्याजवळ नव्हतं. म्हणून या लिखाणात कुणाचं नाव नाही, आणि तिच्या गावापासून कारखान्यात काय होतं इथपर्यंत जे ओळखू येईल ते मी बदलून लिहिलं आहे, तिला दाखवून, तिने हो म्हटल्यावर.

"भिंतीपलीकडच्या लोकांचं काय?" मी निघताना विचारलं.

"त्यांना मी केव्हाच सांगितलं. पहिल्या आठवड्यातच, घरोघर जाऊन. ड्युटी संपल्यावर. पिऊ नका म्हटलं, लेकरांना आंघोळ घालू नका." ती हे अगदी सहज बोलली. मी चौथ्या मजल्यावर पंख्याखाली कलमाचा मसुदा घासूनपुसून नीट करत होते, तेव्हा ही पोरगी त्या खोल्यांची दारं वाजवत फिरत होती.

मग ती लॅपटॉपसमोर बसली. मी उठून जायला हवं होतं, पण गेले नाही. तिने कर्सर बोअरच्या रकान्यावर आणला, यादी उघडली, 'आढळले नाही' निवडलं. चाचण्यांचे कागद तिने तोवर उलटे करून ठेवले होते. शेवटी जिथे नाव टाइप करायचं तिथे तिने स्वतःचं नाव टाइप केलं आणि पाठवलं. जिचं पान मला तीन वर्षांत कधीही फाडावं लागलं नाही त्या मुलीने माझ्यासमोर हे केलं आणि मी तिच्या पाठीवर हात ठेवून उभी होते. मला रागवायचा अधिकार नव्हता आणि समजूत काढायचाही नव्हता.

नियम प्रसिद्ध झाले, अहवालही झाला. त्याच्या शेवटच्या पानावर आम्हा सगळ्यांची नावं आहेत. नवऱ्याने ते पान छापून आणलं होतं, मी ते फाईलला लावायला नको म्हणाले. तिची नोकरी टिकली आहे. दिवाळीला ती आली होती, आईला घेऊन. कारखान्याचं आम्ही काढलं नाही. जाताना जिन्यात मात्र मी विचारलं, की त्या खोल्यांतले लोक बोअर वापरत नाहीत ना.

"जुने नाही वापरत," ती म्हणाली. "पण कंत्राट बदललं की माणसं बदलतात, मॅडम. आता आहेत ते सगळे नवे आहेत. आणि मला मागच्या बाजूला जायला बंदी केली आहे."

ते पाणी आज कोण भरत असेल ते मला माहीत नाही. ते कुठे भरतात हे मात्र मला पक्कं माहीत आहे, रिक्षावाल्याला सांगता येईल इतकं, आणि मी ते कुणालाही सांगणार नाही असा शब्द देऊन बसले आहे.